रांजणातला नान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडले तरी एवढी गोष्ट मी वळसा घालून टाळत आले. तुम्हाला सांगते — पण एक आधीच सांगून ठेवते, सांगता सांगता मला मधूनच आनंद होईल, आणि तो मला लपवता येणार नाही. काय करू? माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस आणि ही माझी करणी, दोन्ही एकाच अंगणातले आहेत.

कुरुंद्याला माझं सासर. हळदीची शेती, निजामाचं राज्य, सासरे गावचे पाटील. मी साध्या घरातून आलेली, आणि माझ्या भाकरीला काठाशी चीर पडायची. एवढंसंच — पण सासूबाईंना ते पुरायचं. आल्यागेल्याला सांगायच्या, "थोरल्या सुनंच्या हाताला गुणच न्हाई." मी मान खाली घालून पीठ मळायची. चीर काही बुजायची नाही.

एकदा वसमतच्या कचेरीतले पेशकार सरकारी कामासाठी आले. जेवण झालं, पान खाता खाता हसत म्हणाले, "पाटील, सब कुछ है आपके यहाँ, बस नान नहीं." सासऱ्यांना ते लागलं. पुढच्या खेपेला नान वाढीन, म्हणून शब्द देऊन बसले. आता वसमतच्या भट्टीतून आणायचे म्हटलं, तर सासूबाई उंबऱ्यात उभ्या. परक्या घरचं कोरडं चालतं — दाणे, पीठ, गूळ. ओलं चालत नाही. पाणी लागलेलं पीठ म्हणजे त्या घरचं अन्न झालं. आमच्याकडं हे लहान लेकरालाही ठाऊक. सासरे पेचात पडले. आणि दाराआडून मी बोलून गेले, "आमी घरीच करू की." का बोलले? नान मी तोवर डोळ्यानं पाहिलासुद्धा नव्हता.

परसाच्या भिंतीपलीकडं खैरून राहायची. पिंजाऱ्याची बायको. नवरा कापूस पिंजून गाद्या भरायचा. तिचं माहेर परभणीचं, बापाची नानाची भट्टी. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की भिंतीवरून आमचं बोलणं चालायचं. माझी फजिती ऐकून ती म्हणाली, "घाबरून काहून राहिल्या, वैनी? मी हाय ना."

आणि खरंच, होती ती. तिच्या सांगण्यावरून मी तळ फुटलेला रांजण परसात पुरला, भोवती चिखल थापला, आत कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. पुरणपोळीसाठी काढतो तसं गव्हाचं सपीट काढलं. पण नान फुगायचा कशानं? त्याला खमीर लागतं — आंबवलेल्या पिठाचा गोळा, दह्याला विरजण लागतं तसा. तो तिच्याकडं होता. ओला. तिनं माझ्या लोट्यात घातला, मी पदराखालून घरात आणला आणि सासूबाईंच्या दह्याच्या मडक्याशेजारी ठेवला. विचारलं तर सांगितलं, ताकावर फुगवते.

तर हे पहिलं खोटं. पण माझ्या मनाला टोचतं ते हे नाही. थांबा जरा.

पहिले नान सगळे निखाऱ्यात पडले. खैरून भिंतीवर हनुवटी टेकून बघायची. "नानाच्या पाठीला पाणी लावा, वैनी. पाण्याबिगर रांजण धरत न्हाई त्याला." मग मी पाणी लावलं, हात आत घातला, थापला — आणि चिकटला! कोपरापर्यंतचे केस जळले, पण चिकटला. पोटातून फुगत वर आला, अंगावर तांबूस ठिपके उमटले. आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना तोंडात पदर कोंबून हसलो.

आणि पेशकार आले तो दिवस! काय सांगू तुम्हाला. रांजण असा तापला होता की पाणी शिंपडलं तर थेंब उडत होते. नानामागून नान काढत होते, ओसरीवरून "और लाओ" ऐकू येत होतं, आणि एकही पडला नाही. एकही. पेशकारांनी विचारलं, कोणी केले? सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्या थोरल्या सुनेनं." सासूबाईंनी आत एक नान मोडून खाल्ला, दुसरा मागितला, आणि माझ्या हाताकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "गुण हाय की गं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजही चढतं.

दुसऱ्या दिवशी बायका बघायला आल्या. अर्धं गाव परसात. गर्दी बघून खैरूनही आली, नेहमीसारखी कडेला उभी राहिली. सासूबाईंना आता माझं कौतुक आवरत नव्हतं. म्हणाल्या, "ये गं खैरून. तुमच्या लोकांत करतात म्हणं नान. आमच्या सुनंचं बघ अन् शिकून घे." मग माझ्याकडं वळून, "दे तिला एक गोळा. दाखव कसं करायचं."

इथं मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं. खमिराचं सगळं बाहेर पडलं असतं, मला माहेरी धाडलं असतं, म्हणून मी मूग गिळून बसले — असं सांगून सुटता आलं असतं. पण मी नुसती गप्प बसले नाही ना! मी तिला शिकवलं. गोळा तिच्या हातात वरून टाकला आणि मास्तरणीसारखी सांगायला लागले — असं धर, इतका पसर, आता वाक. तिनं बोटं फिरवली, तर म्हणाले, "असं न्हाई गं, नीट." बायका हसल्या, आणि मला आणखी चेव आला. भीती? भीतीचा लवलेश नव्हता. मला फार मजा येत होती.

"व्हय वैनी. बराबर," ती म्हणत राहिली.

मग तिनं नान रांजणात थापला, आणि तो सुटून निखाऱ्यात पडला. भट्टीवाल्याच्या लेकीचा नान. सगळ्या हसल्या. मी तिच्या हाताकडं बघत होते म्हणून मला दिसलं होतं — पाण्याचं भांडं शेजारी होतं, तिनं पाठीला पाणी लावलंच नव्हतं. राख झटकत ती सासूबाईंना म्हणाली, "आमाला न्हाई जमत, मायबाई. त्याला वैनीचाच हात पाह्यजे."

आणि मी? मला सगळं कळलं, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. वर म्हणाले, "जमंल, जमंल हळूहळू."

त्यानंतर माझ्या भाकरीच्या चिरेचं नाव कुणी काढलं नाही. पंचक्रोशीतून बोलावणी आली, लग्नाघरी मला पाटावर बसवून विचारायचे. थोरलीच्या हाताचे नान — हे नाव मी पोटभर भोगलं, खोटं कशाला बोलू?

पुढं उन्हाळ्यात माझं खमीर खराब झालं, वास यायला लागला. घरी पाहुणे यायचे होते. मी लोटा घेऊन भिंतीशी गेले. खैरूननं लोटा भरून दिला, वाटेत ऊन लागू नये म्हणून वर ओलं फडकं टाकलं. मी तो पदराखाली घेतला आणि तशीच घरात आले.

त्या दिवशीचे नान फार चांगले झाले.