चौकीदार सपाट होतो तेव्हा

"बारा ठिकाणी शारीरिक इजा आहे," रश्मी मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या. "बाराही काढा."

मी वहीत बारा लिहून त्याभोवती गोल केला. शेजारी मनोज भिया, म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक, मान डोलवत होते. क्लायंट स्क्रीनवर आला की ते मान डोलवतात. आवाज येत नसला तरी.

आमचा स्टुडिओ तुकोगंजात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. मी व्हिडिओ एडिटर. लग्नाच्या फिल्मपासून कोचिंग क्लासच्या जाहिरातीपर्यंत जे येईल ते कापते. या वेळी हातात पाच मिनिटांचं कार्टून होतं. लहान मुलांच्या एका ॲपला ते हवं होतं, पण आधी त्यांच्या 'चाइल्ड सेफ्टी' विभागातून पास व्हायला हवं होतं. रश्मी मॅडम म्हणजे तो विभाग.

कार्टून वैद्य सरांचं. सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जुन्या पद्धतीचं, एकही संवाद नसलेलं हे कार्टून त्यांनी एकट्याने, कागदावर, हाताने काढलं होतं. चार वर्षं लागली. गोष्ट एवढीच, की कोबीच्या मळ्यावर एक जाडा चौकीदार आहे आणि कोबीवर डोळा ठेवून एक बकरी आहे. चौकीदार बकरीसाठी सापळा लावतो आणि स्वतःच त्यात सापडतो. दंताळं तोंडावर, बादली डोक्यात, शिडी पाठीत. बकरी शांतपणे कोबी खाते. मग पुढचा सापळा.

"सर मानतील का?" मी विचारलं.

"सरांना मी समजावतो," मनोज भिया म्हणाले. "क्लायंट बोलली काप, तर काप. अपने को क्या करना है."

मी कापलं. आणि खोटं कशाला बोलू, छान कापलं. दंताळ्यावर पाय पडला, कट, बकरी रवंथ करतेय. कुठे झटका नाही, उडी नाही.

शेवटचा मार सगळ्यात मोठा होता. चौकीदार थेट रोड रोलर घेऊन येतो, आणि उतारावर तो रोलर उलटा त्याच्याच अंगावर येतो. मूळ कार्टूनमध्ये तो पापडासारखा सपाट होतो, रस्त्यावरून सोलून निघतो, स्वतःचा अंगठा तोंडात धरून फुंकर मारतो आणि टुणकन गोल होतो. मॅडमच्या यादीत हे सगळं 'गंभीर इजा' या एकाच ओळीत होतं. मी ते पूर्ण उडवलं. पण मग संगीतात तीन सेकंदांची पोकळी राहिली. त्याची टोपी रस्त्यावर पडलीय, असा एक लहानसा तुकडा शिल्लक होता. तो ताणून मी पोकळी भरली. खाली वाऱ्याचा आवाज टाकला.

"क्लीन," मनोज भिया म्हणाले.

ॲपचा एक नियम होता. लहान मुलांना दाखवायचं आणि त्यांचे चेहरे रेकॉर्ड करून पाठवायचे. माझी वहिनी अन्नपूर्णा भागात बालवाडी चालवते. तिने पालकांची परवानगी घेऊन ठेवली आणि मी टीव्ही व कॅमेरा घेऊन पोचले.

पहिली चार मिनिटं मुलं नुसती बघत होती. हसू नाही, कंटाळाही नाही. एक माणूस काहीतरी करायला जातो आणि दर वेळी गायब होतो, हे काय चाललंय, असा चेहरा. मग रोलर आला. मग टोपी. वारा. मग टोपीशेजारी उभी राहून कोबी खाणारी बकरी.

पहिल्या रांगेत आर्या नावाची चार वर्षांची मुलगी होती. तिने मागे वळून मला विचारलं, "अंकल मर गए?"

"नहीं बेटा, घर गए."

"टोपी छोड़ के?"

तिचा ओठ थरथरला. बालवाडीत रडणं शिंकेसारखं पसरतं. दोन मिनिटांत सगळा वर्ग रडत होता आणि माझा कॅमेरा ते इमानदारीने टिपत होता.

"माझ्या शाळेत शोकसभा घेतलीस तू," एकेकाचं नाक पुसत वहिनी म्हणाली.

परत येऊन मी वैद्य सरांना फोन केला. तेव्हा कळलं की मनोज भियांनी त्यांना अजून काहीही 'समजावलं' नव्हतं. सर स्कूटरवरून आले, माझ्या खुर्चीत बसले आणि माझं कापलेलं कार्टून शेवटपर्यंत बघितलं. मला वाटलं, ओरडतील.

"मी याला बारा वेळा मारलं," ते म्हणाले. "एकदाही मेला नाही. तू एकदाही मारलं नाहीस, आणि हा मेला."

मी मान खाली घालून मूळ फाइल उघडली.

सर एकेक फ्रेम पुढे सरकवत दाखवू लागले. मार बसण्याआधी चौकीदार क्षणभर थांबतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. याला होल्ड म्हणतात. मी रोज वापरते तो शब्द, पण माझ्या लेखी होल्ड म्हणजे चित्र जागेवर थांबवणं. सरांच्या लेखी तो मुलांना दिलेला इशारा होता, की आता गंमत होणार. मग मार. मग लगेच दाबलेलं, ताणलेलं शरीर. आणि मग त्याचं उठणं.

"गोल का काढला याला?" सरांनी विचारलं.

"जाडा आहे म्हणून."

"गोल वस्तू पडली की उसळते, हे पोरांना चेंडूने शिकवलेलं असतं. बकरी बघ, सगळी टोकदार. ती टोचणार, हा उसळणार. मागची पार्श्वभूमी फिकी, सपाट. खरा रस्ता वाटला तर खरं लागतं."

दोन दिवसांनी मी त्याच मुलांना मूळ कार्टून दाखवलं. वहिनीने परवानगी दिली, पण हातात बिस्किटांचा डबा धरून दाराशी उभी राहिली. रोलर आला तशी मुलं गप्प झाली. आर्याने डोळ्यांवर हात ठेवले, बोटं फाकवून. चौकीदार सोलला गेला, फुंकर मारली, गोल झाला. आर्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "ज़िंदा है." मग जे हसणं सुरू झालं ते बिस्किटांनीही थांबेना.

दोन्ही रेकॉर्डिंग मी मॅडमना पाठवली आणि कॉलवर सरांना बसवलं. मनोज भियांनी आधी बजावलं, "सर, प्रोजेक्ट हातातून जाईल, ज्यादा बोलू नका."

मॅडमनी दोन्ही बघितली, सरांचं ऐकून घेतलं. "इजा नाही, इजेनंतरचं उठणं महत्त्वाचं आहे, असं तुमचं म्हणणं. मान्य," त्या म्हणाल्या. "पण आठवा मार बघा. चौकीदार सॉकेटमध्ये बोट घालतो. रोड रोलर कुणाच्या घरी नसतो. सॉकेट प्रत्येकाच्या घरी, पोरांच्या हाताशी असतं."

मी सरांकडे बघितलं. चार वर्षांचं काम. सरांनी चष्मा काढून पुसला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं. तेवढं मी नव्याने काढून देतो."

त्यांनी सॉकेटच्या जागी मधमाश्यांचं पोळं काढलं. दीड महिना लागला. मनोज भियांनी त्या दीड महिन्यात क्लायंटला रोज 'बस हो गया' असं कळवलं.

कार्टून पास झालं. ॲपवर आलं तेव्हा कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सात वर्षांवरील मुलांसाठी'. म्हणजे ज्या वर्गाने ते पास करून दिलं, त्या वर्गाला ते बघायची परवानगी नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, वयाचं लेबल दुसरा विभाग लावतो.

मी अजूनही सांगितलं तेच कापते. फक्त कापलेला तुकडा टाकून देण्याआधी, त्यात कोणी उठून उभं राहत होतं का, तेवढं बघून घेते.