रघुकाकांच्या अर्ध्या कादंबऱ्या

हे मी लिहिणारच नव्हते. आमच्या भित्तिपत्रकाची कुमुदिनी केव्हापासून मागे लागली होती, तू आवडती पुस्तकं सुचव, एक कादंबरी, एक पशुपक्ष्यांचं, एक लहान मुलांचं, बस, एक पान. मी मशीनवर कागद चढवला, धडाधड तिन्ही नावं टाइप केली आणि हात थांबला. तिन्ही पुस्तकं मला रघुकाकांनी सुचवलेली! आणि त्यातल्या कादंबरीवरून आमच्या गल्लीत या महिन्यात जो तमाशा झाला, त्यानंतर मी कोणत्या तोंडानं 'जरूर वाचा' लिहू? कागद ओढून काढला, चोळामोळा केला. नकोच म्हटलं. पण काल सकाळी रघुकाकांच्या ओट्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उन्हात उघडी ठेवलेली दिसली आणि मला राहवलं नाही. तर पुस्तकांऐवजी माणूसच सुचवते. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

रघुवीर दप्तरदार, म्हणजे रघुकाका, जुनी इंदूरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहतात. आजोबा होळकरांच्या दप्तरात, वडील तिथेच, आणि काका मध्यभारत सरकारच्या कचेरीत. राज्य गेलं तरी फायली काही गेल्या नाहीत. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला. सरकारबरोबर फायलींची खोकी, आणि खोक्यांबरोबर रघुकाका. थंडी आली की लोक रजया काढतात, काका बिस्तरा बांधायला घेत.

या माणसाला विडी नाही, पत्ते नाहीत. एकच व्यसन, दुसऱ्याला पुस्तक सुचवायचं. संध्याकाळी कचेरीतून आले की ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि जो दिसेल त्याला हाक. "काय रे, सध्या काय वाचतोस?" काहीच नाही म्हणालात तर मेलात.

कोपऱ्यावरचा घड्याळवाला श्रीकृष्ण गिऱ्हाइकांशी फार भांडायचा. काकांनी त्याला पक्ष्यांचं पुस्तक दिलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, चित्रांचं, त्यांचं स्वतःचं. म्हणाले, "माणसांवर चिडायच्या आधी रोज एक पक्षी बघत जा." आता श्रीकृष्ण रविवारी सायकल घेऊन हातोदच्या रस्त्यानं तारांकडे बघत जातो, दोनदा नाल्यात पडलाय, आणि लोकांची घड्याळं पडूनच राहतात. भांडण मात्र कमी झालं हे खरं.

शारदाबाईंचे सासरे जयसिंगराव, होळकरांच्या घोडदळातले. त्यांना काकांनी काय द्यावं? बेडकाच्या लग्नाचं, मुलांचं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक.

"दप्तरदार, मी घोड्यावर बसलेला माणूस आहे! मला बेडूक?"

"म्हणूनच देतोय काकासाहेब. एका बैठकीत संपतं. आता आपण संपणारं वाचावं, अर्धवट ठेवू नये."

जयसिंगराव आधी लाल झाले, मग असे हसले की ठसका लागला. तेव्हापासून रोज दुपारी ते मोठ्यानं बेडकाचं लग्न लावतात, ऐकायला कोणी असो नसो.

आणि कादंबरी? ती सगळ्यांना एकच. जहागीरदाराच्या मुलीची. "काय पोरगी आहे! घोड्यावर बसते, कोर्टात साक्ष देते, बापाला बोलते! वाचाच." अख्ख्या गल्लीनं लायब्ररीत त्या पुस्तकासाठी नंबर लावलेला.

तर असे रघुकाका या ऑक्टोबरात पार गोंधळून गेले. मध्यभारतच उठणार, एक तारखेपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. कचेरीनं विचारलं, शनिवारपर्यंत सांगा. खोक्यांबरोबर भोपाळला कायमचं जाता, की इंदूरच्या कलेक्टर कचेरीत एक पायरी खालची जागा घेऊन राहता? आजवर सरकार हलायचं ते परत येण्यासाठी. काकांना कोणी कधी विचारलंच नव्हतं की बाबा, तुला काय पाहिजे. विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीतच नाही.

कचेरीतले पांडुरंग खास इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, भोपाळला तलाव आहे. बस, चला." घरी येताना काकांना वाटलं, जावं. गल्लीत वळल्यावर जयसिंगरावांचा बेडूक ऐकू आला आणि वाटलं, नको. रात्री जेवताना त्यांनी द्वारकाकाकूंना विचारलं, "मी जाऊ का राहू?"

काकू कमी बोलणाऱ्या. माहेर हातोदचं, सासर इथलं, ग्वाल्हेरला कधी नेलंच नाही. तिकडे कचेरीतले चौघं एका खोलीत राहायचे. त्यांनी ताटात भाकरी वाढली.

"खरं सांगू? तुम्ही गेलात की मला बरं वाटतं. आलात की पण बरं वाटतं. आता यातलं एकच राहणार म्हणता, तर कुठलं सोडू, मलाच कळत नाही."

काकांनी आमटी वाढून घेतली.

मंगळवारी संध्याकाळी शारदाबाई आल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवतात त्या, आवाज तसाच. त्यांची अरुंधती लग्नानंतर पहिल्या दसऱ्याला माहेरी आली होती, आणि काकांच्या सांगण्यावरून बाईंनी तिला वाचायला तीच कादंबरी आणून दिली होती.

"रघुवीरराव, आधी खाली उतरा ओट्यावरून!"

"काय झालं शारदाताई?"

"पोर माझी दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडतेय. सासरी जाणार नाही म्हणते. जावई टांगा घेऊन दारात उभे!"

"अरे बापरे. कशामुळे?"

"कशामुळे विचारतात! तुमची ती जहागीरदाराची पोर सासरच्या विहिरीत उडी घेते! हे पुस्तक नव्या नवरीला द्यायचं?"

काकांचा चेहरा उतरला. "विहिरीत? ती? नाही हो... ती तर घोड्यावर बसून..."

"शेवट वाचला होता का तुम्ही?"

गल्ली गोळा झालेलीच होती. श्रीकृष्ण तर डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून आलेला. काका धोतराचा सोगा चाचपत म्हणाले, "त्या वर्षी... मतलब, सरकार जरा लवकर हललं ग्वाल्हेरला."

"सरकार हललं त्याचा पुस्तकाशी काय संबंध?"

संबंध होता. काका हळूहळू वाचणारे, चवीचवीनं, रोज पान-दीड पान. पुस्तक लायब्ररीचं, गावाबाहेर न्यायचं नाही. अर्ध्यात यायचे की बिस्तरा बांधायची वेळ. परत येईपर्यंत पुस्तक दुसऱ्या कोणाकडे नाहीतर बाइंडिंगला, मग नवीन घ्यायचं. ग्वाल्हेरला तिकडच्या लायब्ररीतून घेतलं, तर तेही तिकडेच अर्धं. इतकी वर्षं हेच.

"म्हणजे आजवर आम्हाला ज्या ज्या कादंबऱ्या सुचवल्यात..."

"अर्ध्याच."

"सगळ्या?"

"एकीत मी पार लग्नापर्यंत पोचलो होतो," काका म्हणाले. ते इतक्या कळवळून म्हणाले की लोकांना हसू आवरेना.

"कसम से काका," श्रीकृष्ण म्हणाला, "माझ्या पक्ष्यांच्या पुस्तकात तर शेवटी कोणी मरत नाही ना?"

"ते मी पूर्ण वाचलंय रे. त्याला शेवटच नाही."

मोठा हशा झाला. काका हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी भलतंच चाललं होतं. आपल्याला इतक्या गोष्टींचं पुढे काय झालं ते माहीत नाही, आणि आपण लोकांना वाचा वाचा सांगत बसलो. मग भोपाळचं आपल्याला काय कळणार?

तेवढ्यात आतून आवाज आला. "उडी नाही मारत ती."

द्वारकाकाकू उंबऱ्यात उभ्या, हात पिठाचे.

"ढकलतात तिला. धाकटी जाऊ ढकलते. आणि मरत नाही ती, गडीमाणसं वर काढतात. मग ती पोरगीच ती विहीर बुजवून घेते आणि वर मोगऱ्याचे वाफे घालते. अरुंधतीनं पुढची पानं वाचलीच नसतील. रडण्याआधी वाचायची ना."

"तुम्हाला काय माहीत?" शारदाबाई.

"वाचलंय मी."

"कधी?" हे काका.

"तुम्ही गेल्यावर. पुस्तक परत करायचं काम माझंच ना? तारखेला दोन-चार दिवस असायचे. तुमची खराट्याची काडी असायची खुणेला, तिथपासून पुढे वाचून टाकायची."

"तिथपासून? आणि पहिलं?"

"पहिलं तुम्ही वाचलेलं होतं की," काकू म्हणाल्या. "घरात एकानं वाचलं ना, मग तेच पुन्हा कशाला?"

आता हसावं का रडावं कोणालाच कळेना. शारदाबाई एकदम वळल्या आणि "अरुंधती! अगं पुढे वाच!" ओरडत उतारावरून खाली धावल्या. टांगा अंधार पडायच्या आत गेला म्हणे. अरुंधती टांग्यात पण वाचत होती.

गल्ली पांगली. काका-काकू ओट्यावर. काकांना ही समोर बसलेली बाई एकदम अनोळखी वाटत होती, जिला ते इतकी वर्षं पत्रात फक्त 'प्रकृती ठीक, कपडे मिळाले' लिहीत आले.

"सांगितलं का नाहीस कधी?"

"विचारलंत का कधी? तुम्ही आलात की नवीन पुस्तक. मला वाटलं, तुम्हाला पुढचं नकोच असेल."

मग म्हणाल्या, "एक सांगा. तो काळा घोडा कोणाचा? मी इतकी वर्षं समजते चोराचा."

"चोराचा? अगं तिचाच! बापानं तिला दिलेला, कोर्टात जिंकल्यावर!"

"अस्सं! तरीच ती त्याच्या गळ्यात पडून रडते. मी म्हटलं, चोराच्या घोड्यासाठी काय रडते ही." काकू खूश झाल्या. "सांगा, पहिल्यापासून सांगा."

काका सांगू लागले. काकूंचं पीठ वाळून गेलं, चूल विझली. काका सांगत काडीपर्यंत आले आणि म्हणाले, "आता तू. त्या मास्तराचं पुढे काय होतं?"

"कुठला मास्तर?"

"अगं मास्तर! गावातला, तिला शिकवणारा. तिच्यासाठी वाड्यावर मार खातो तो!"

"माझ्याकडे मास्तर नाहीच."

"असं कसं? तोच तर सगळं..."

"मी शेवटपर्यंत वाचलंय. घोडा आहे, जाऊ आहे, विहीर आहे. मास्तर नाही."

यावरून दोघं भांडले, चांगले भांडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काका म्हणाले काडी सरकली असेल, मधली पानं कोणीच वाचली नाहीत. काकू म्हणाल्या लेखकच विसरला असेल. बुधवारी दोघं मिळून लायब्ररीत गेले, तर पुस्तक अजून अरुंधतीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला सासरी. मग बोलण्यात दुसरी एक कादंबरी निघाली, जिच्यात काकांकडे दोन भाऊ होते आणि काकूंकडे तीन. तिसरीत तर काकूंना वाटलेली नायिका ही काकांच्या अर्ध्यात साधी मोलकरीण. दोघांनाही काही कळेना, आणि दोघं थांबेनात.

शुक्रवारी सकाळी काकू गहू निवडत होत्या.

"भोपाळला लायब्ररी आहे का?"

"असेल. राजधानी होणारे."

"एका कार्डावर दोघांना वाचता येतं?"

काकांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे तू... पण हे घर? आणि तुला मी गेलो की बरं वाटतं म्हणालीस ना?"

"वाटतंच. आताही वाटेल, कचेरीत गेलात की." काकूंनी एक खडा टाकला. "तुम्ही राहा नाहीतर मला न्या, पण आता ग्वाल्हेरसारखं नका करू. आणि मला विचाराल तर न्याच. मी हातोदच्या पुढे काही बघितलेलं नाही."

शनिवारी काकांनी लिहून दिलं. भोपाळ, सहकुटुंब. त्यांचा गोंधळ संपला असं समजू नका हं! पांडुरंगांना छाती काढून सांगतात, "तलाव आहे, भिया." श्रीकृष्णाला विचारतात, "चूक तर नाही ना केली रे?" जयसिंगरावांसमोर काही बोलतच नाहीत, नुसते बेडकाचं लग्न ऐकत बसतात. काल दुपारी त्या ट्रंकेत पुस्तकं भरली, काकूंनी ती काढून पितळी डबे भरले, काकांनी डबे काढले. शेवटी डबे जिंकले. हिरवं पक्ष्यांचं पुस्तक श्रीकृष्णानं आणि मी वाटून घ्यायचं ठरलंय, एक रविवार त्याचा, एक माझा. बेडकाचं पुस्तक जयसिंगरावांकडून परत मागायची हिंमत कोणात नाही.

आणि ते मास्तराचं अजून कोणालाच माहीत नाही. अरुंधतीची चिठ्ठी आली, पुस्तक आता तिच्या सासूनं वाचायला घेतलंय आणि तिला घोडा आठवतो, मास्तर आठवत नाही. शारदाबाई म्हणाल्या मास्तर पहिल्यापासून नव्हताच. मी ती कादंबरी वाचलीय, पण इतकी घाईत की आता शपथेवर काहीच सांगू शकत नाही! डोकं नुसतं भणभणतंय.

दिवाळी तोंडावर आलीय आणि ही दोघं दिवाळीच्या आत जाणार, येत्या गुरुवारच्या गाडीनं. तोवर संध्याकाळी दोघंही ओट्यावर असतात. आमच्या गल्लीत शिरलात की भांडणाचा आवाज येईल, तेच घर. जाऊन या ना. एखादी कादंबरी अर्ध्यात ठेवलेली असेल तर तिचं नाव सांगा, पुढचं काकू सांगतील, मागचं काका सांगतील, आणि मधलं कोणाला माहीत असेल तर कृपा करून गुरुवारच्या आत जा.