तोंड नसलेले नातेवाईक

आमची आत्या जन्मभर ज्यांच्या मागे लागली, त्यांना ना तोंड होतं ना पोट. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी नेच्याच्या पानासारखे उभे राहणारे हे जीव. दिसायला पान, पण झाड नव्हे. आता उरलेत फक्त दगडावरचे ठसे. कोण कोणाचं कोण लागतं, हे शोधणं आत्याचं संग्रहालयातलं काम.

"तोंडच नाही, म्हणजे नातेवाईक असून भांडण नाही," असं मी चिडवलं की ती म्हणायची, "म्हणून तर रमते तिथं. नाहीतर तुझा बाप बघ!"

मधल्या दांड्याला फुटलेल्या फांद्या डावीकडे वळल्यात की उजवीकडे, यावर ती घराणं ठरवायची. असंच एक उलटं वळण पाहून तिनं एका जिवाला स्वतंत्र शाखा दिली होती. जगात तिच्या नावावर एवढंच. संग्रहालयाच्या भिंतीवर वंशवृक्ष रंगवायला घेतला, त्यात तिची शाखाही आली. मग काय, काहीतरी निमित्त काढून बाईसाहेबांच्या तिथं रोज चकरा!

निवृत्ती जवळ आली तेव्हा मी तिचं कपाट आवरायला गेले. तळाशी एक रबराचा साचा सापडला, त्याच जिवाचा. दगडावर रबर ओतून असा साचा काढतात, आणि त्यात डाव्याचं उजवं होतं. साचा हातात घेताच आत्याचा चेहरा उतरला. शाखा ठरवताना तिनं फांद्यांचं चित्र दगडावरून नव्हे, साच्यावरून काढलं होतं. आम्ही तडक कोठीत जाऊन मूळ दगड पाहिला. फांद्या शेजारच्या घराण्यासारख्याच वळलेल्या. वेगळी शाखा कधी नव्हतीच.

आत्यानं लगेच संग्रहालयाच्या प्रमुखांना सांगितलं. भला माणूस. म्हणाले, "मॅडम, परवा तुमचा निरोप समारंभ. राहू द्या, कोण बघतंय?" खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

"अहो, त्या दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या," आत्या म्हणाली. "माझ्या हौसेपायी त्यांना परकं ठेवू?"

रंगारी तिच्या शाखेवर ब्रश फिरवायला कचरला. तेव्हा तीच पदर खोचून शिडीवर चढली. स्वतःच्या शाखेवर पांढरा रंग फासला आणि तो जीव बारीक ब्रशानं बहिणीशेजारी काढला. असं माणूस आपल्या घरात आहे, या अभिमानानं मला भरून आलं. खाली शिडी धरून मी रडत होते.

"रडतेस काय?" ती वरून ओरडली. "शिडी हलतेय! फांदी कुठे वळलीय ते बघ आधी."