हिरकणी कक्षाचं कुलूप

मैत्रिणींनो, खडकीला घरी येऊन दोनदा अंघोळ केली, तरी तो वास नाकातून जात नाहीये.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. माझी स्वतःची लेक सात महिन्यांची. आज सकाळी एका नव्या आईला समजावत होते, "दूध काढताना हात स्वच्छ हवेत, जागाही स्वच्छ हवी." तेव्हा माझीच छाती दुधानं ठणकत होती आणि युनिफॉर्म ओला झाला होता.

आमच्या हॉस्पिटलात बाळाला पाजायला खास हिरकणी कक्ष आहे. गुलाबी रंग, छान पडदे आणि कायम कुलूप. मी इनचार्ज सिस्टरांकडे किल्ली मागितली.

"अगं, वापरला की घाण होतो. आज तपासणी आहे. स्टाफचं टॉयलेट आहे की!"

सिस्टर स्वतः दोन मुलांची आई आहेत.

त्या तुंबलेल्या टॉयलेटमध्ये उभी राहून दूध काढलं आणि तिथेच ओतून दिलं. तिथलं दूध लेकीला पाजायची मलाच किळस आली.

दुपारी तपासणीवाले आले. कुलूप उघडलं. "वा, किती स्वच्छ ठेवलाय हिरकणी कक्ष!"

असणारच की हो. आजवर तिथे एकही आई बसलेली नाही.