उदगीरच्या भुईकाट्याचं गाऱ्हाणं

अयोध्याला सातवा महिना लागला, तेव्हा लातूरच्या तिच्या ऑफिसात तिच्या बाळंतपणापेक्षा भुईकाट्याचीच काळजी जास्त होती.

राजशेखरअप्पांची कंपनी छोटी. डाळमिल आणि अडत दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणारी. ट्रक भुईकाट्यावर चढला की वजन थेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं, हे मुख्य काम. काट्याकडून येणारे आकडे वाचायला ते एक ओपन सोर्स प्रोग्रॅम वापरत. परदेशातला एक माणूस तो फावल्या वेळात सांभाळायचा आणि जगाला फुकट द्यायचा. त्याची नवी आवृत्ती आली आणि उदगीरच्या एका डाळमिलमधल्या जुन्या काट्याचं वजन अर्धवट वाचलं जाऊ लागलं. आधीच्या आवृत्तीत सगळं ठीक होतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेल्या अयोध्यानं स्वतः प्रोग्रॅमला ठिगळ लावलं. पुढच्या आवृत्तीत पुन्हा तेच, पुन्हा ठिगळ. ते तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं, आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघणार होती. किनवटच्या जंगलातलं गाव. शाळेच्या ओट्यावर गेलं तरच रेंज.

"अप्पा, ज्यानं बनवलं त्याला कळवू द्या की."

"अन् आपलं नाव उघड करू? उद्या बाजारात बोंब होईल, ह्यांचा काटा खोटा हाय म्हणून."

"काटा खोटा न्हाई. त्याची नवी आवृत्ती बिघडलीय."

"बाजाराला येवढं समजावत बसू का मी?"

अप्पांचं निम्मं आयुष्य अडतीत गेलेलं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ही सवय. बऱ्याच मिनतवारीनंतर त्यांनी हो म्हटलं, पण मजकूर स्वतः सांगितला. कंपनीचं नाव नको, काट्याचं नको, कोणत्या आवृत्तीपासून बिघडलं तेही नको. "आधी थोडं सांग. त्यो काय म्हणतो बघू, मग पुढचं बोट."

गेलं ते एवढंच, की कधी कधी वजन चुकतं.

उत्तर सौम्य होतं. कोणती आवृत्ती? कोणतं यंत्र? माझ्याकडे तर चुकत नाही.

"भाव काढायलाय," अप्पा म्हणाले. "गप बस थोडे दिस."

"अप्पा, त्याला काही विकायचंच न्हाई!"

अप्पांनी उत्तर पाठवू दिलं नाही. तिकडच्या माणसानं वाट पाहून तक्रार बंद करून टाकली.

अयोध्यानं चहाच्या वेळी विषय काढला. "तुमच्या अडतीत तुरीच्या पोत्यात खडे निघाले तर काय करत होता?"

"पोतं फोडायचं अन् ओंजळभर माल शेतकऱ्याच्या म्होरं धरायचा. न्हाईतर पुढच्या खेपेला त्यो पुन्हा खडेच आणणार. त्याला काय ठावं..." अप्पा थांबले. कप खाली ठेवला. "लई बेरकी हायेस. जा, फोड पोतं."

ती उदगीरला गेली. मिलमालकाला विचारून काट्याकडून येणारे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतले, गाड्यांचे नंबर तेवढे काढून टाकले. जुनं यंत्र आकडे सावकाश सोडत होतं आणि नवी आवृत्ती तेवढी थांबत नव्हती. कोणत्या आवृत्तीपर्यंत चाललं, कोणत्या आवृत्तीत बिघडलं, सगळं लिहिलं. खाली कंपनीचं नाव.

असं यंत्र मी कधी पाहिलेलंच नाही, असं त्या माणसानं कळवलं आणि दुरुस्ती केली. शिवाय उदगीरचे ते आकडे त्यानं आपल्या तपासणीत कायमचे घातले. त्यावर पास झाल्याशिवाय आता नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. बाजारात बोंब झाली नाही.

अयोध्याला मुलगी झाली. बारसं होऊन गेलं, आणि एक दिवस घरात चुकून क्षणभर रेंज आली. मेसेजवरून तिला कळलं, की नवी आवृत्ती येऊन गेलीय आणि अप्पांचे दोन फोन हुकलेत. पोरीला आईकडे देऊन ती शाळेच्या ओट्यावर गेली.

"अप्पा, काटा बंद पडला का?"

"काट्याला काय धाड भरलीय? चालू हाय. लेकरू किती वजनाचं झालं ते सांग."

तिनं सांगितलं.

"कशावर तोललं?"

"दवाखान्यातल्या काट्यावर."

"नीट दाखवतो नव्हं? न्हाईतर कळव त्यायला."