मागच्या खोलीचा रेडिएटर

कुणाच्याही घरात शिरल्यावर काकू आधी भिंतीवरच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवत, मग "कसे आहात?" विचारत. तुम्ही थंड रेडिएटर दाखवायला निघालात, की म्हणत, "त्याला काय बघायचंय? आधी गरम कोण आहे ते दाखवा."

नॉटिंगहॅममध्ये त्या आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहत. वय पंच्याहत्तर. हॉस्पिटलच्या मेंटेनन्स ऑफिसात दुरुस्तीच्या तक्रारी लिहून घेण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. इंजिनिअरांची बोलणी ऐकून त्यांना जे कळलं, ते कित्येक इंजिनिअरांना कळत नसावं. गॅसवर पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरांत पाठवणाऱ्या बॉयलरला मात्र बोट लावत नसत. "गॅस लायसन्सवाल्याचा. पाणी माझं."

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझी आई नाशिकहून आली. तिला मागची छोटी खोली दिली. हॉलमधला रेडिएटर आठ मिनिटांत तापायचा, तिच्या खोलीतला सत्तर मिनिटांत. हे मी अंदाजाने सांगत नाही. थर्मामीटर लावून घरातल्या सातही रेडिएटरांचा तक्ता केला होता. रेडिएटरांत अडकलेली हवा काढून झाली, थर्मोस्टॅट वाढवून झाला. आई स्वेटरवर स्वेटर चढवून पलंगावर बसून असायची. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "माझं मार्चचं तिकीट अलीकडे आणता येतं का बघ रे."

मी तक्ता घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"तक्तेवाले, कागद छान झालाय. आता खोलीचं बघू."

घरी आल्या त्या थेट हॉलमधल्या रेडिएटरपाशी. कार्डिगनच्या खिशातून पाना काढला.

"हॉलमध्ये कोण झोपतं?"

"कुणीच नाही."

"मग हा एवढं पाणी कशाला ओढतो? पंगतीत पहिल्या चार पानांवरच बासुंदी संपली, तर शेवटच्याने काय चाटायचं?"

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची टोपी असते. ती काढून त्यांनी आतला व्हॉल्व्ह पाव फेरा बंद केला. आता सगळं घर थंड होऊ द्यायचं, पुन्हा हीटिंग लावायचं, मिनिटं मोजायची, आणि उद्या पुन्हा पाव फेरा. घाई केली की बिघडतं, असं त्यांचं म्हणणं.

थांबायचं म्हणून त्या आईच्या खोलीत जाऊन बसल्या. आईने त्यांना नीट न्याहाळलं.

"चहात आलं किसून घालता की ठेचून?"

"ठेचून."

"मग बसा."

तिसऱ्या दिवशी खोली पस्तीस मिनिटांत तापली, पाचव्या दिवशी एकोणीस. सहाव्या दिवशीही एकोणीस. तरी दुपारी तीन वाजले की काकू दारात. "पाव फेरा राहिलाय," म्हणायच्या आणि आत जायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. आत दोघी साबुदाणा किती वेळ भिजवावा यावर हमरीतुमरीवर आलेल्या असत.

आता मला आकडा खोटा पडलेला सहन होत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बाराव्या दिवशी मी काकूंना हॉलमध्येच गाठलं.

"काकू, आठवडाभर एकोणीसच आहे. काम झालंय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. पाना त्यांनी आणलाही नव्हता.

"तुम्हाला कुणी विचारलं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाजूला व्हा. त्या वाट बघतायत."

मी बाजूला झालो. त्या दिवसापासून तक्ता बंद. तिकिटाचा विषय आईनेही पुन्हा काढला नाही.

आई मार्चमध्ये, ठरल्या तारखेला गेली. उन्हाळ्यात काकूंना त्यांच्या मुलीने क्रॉयडनला, आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तिथे सगळ्या इमारतीचं हीटिंग एकाच जागेवरून चालतं. फोनवर वैतागून म्हणाल्या, "इथे फिरवायला काही ठेवलंच नाहीये हो."

या ऑक्टोबरात मी आईला फोन केला. म्हटलं, "या हिवाळ्यातही ये. आता पहिल्या दिवसापासून एकोणीस मिनिटांत तापेल खोली. कालच मोजलंय."

"हो का?" आई म्हणाली. मग तिनेच विचारलं,

"आणि शेजारी आता कोण राहतं रे?"