तीन पेनांची आर्टिकलशिप

"खरी पाहिजे की डमी?" सरांनी विचारलं. चहा घेणार की कॉफी, इतक्या सहज.

"खरी," मी म्हटलं.

ते चकित झाले. "म्हणजे रोज येणार तू?"

सीए व्हायचं तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही. एखाद्या सीएच्या हाताखाली ठरावीक काळ काम करावं लागतं. त्याला आर्टिकलशिप म्हणतात. आमच्या वेळी तीन वर्षं होती, आता दोन आहेत. डमी म्हणजे नाव ऑफिसात आणि मुलगा घरी. तो दिवसभर क्लास करतो, सर त्याला कागदावर ट्रेनिंग देतात, आणि दोघं मिळून त्याला शिक्षण म्हणतात.

मी सीएच्या इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप पहिल्या झटक्यात काढले होते. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर, राहायला आम्ही कल्याणला चाळीत. सीए नावाचा प्राणी घरात कुणी जवळून पाहिलेला नव्हता. त्यामुळे मार्कांवर जागा मिळते, असा माझा समज होता. तीन आठवडे ठाण्यात वणवण करून तो दूर झाला. माजिवड्याच्या फर्मने विचारलं, लग्न कधी करणार. वागळे इस्टेटमधल्या साहेबांनी मार्कशीट उलटी ठेवली आणि म्हणाले, "सोनवणे म्हणजे... मूळचे कुठले तुम्ही?" मी गाव सांगितलं. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. मग त्यांनी कुलदैवत विचारलं.

"आम्ही बौद्ध आहोत, सर," मी म्हटलं. त्यांचा वेळ वाचावा म्हणून.

"कळवतो," ते म्हणाले. अजून कळवतायत.

नौपाड्यातलं हे ऑफिस माझ्या यादीत शेवटचं होतं. त्या दिवशी अठ्ठावीस तारीख, शनिवार. सोमवारी महिना संपणार होता. त्याच्या आत रजिस्ट्रेशन झालं नाही, तर माझा फायनलचा अटेम्प्ट सहा महिने पुढे जाणार होता. ज्या घरात माझ्या पास होण्याच्या तारखेवर बाबांची रिटायरमेंट ठरत होती, तिथे सहा महिने म्हणजे थोडे नव्हेत.

आत बोलावेपर्यंत मी बाहेर उभी होते. काचेच्या दारावर एक नोटीस चिकटवलेली होती. मुलीच्या लग्नानिमित्त गुरुवार, दिनांक १२ रोजी ऑफिस पूर्ण दिवस बंद राहील. लग्न होऊन दोन आठवडे झाले होते, पण ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. दुसरं काही वाचायला नसल्याने मी ती चारदा वाचली.

ऑफिसात दोन टेबलं आणि तीन खुर्च्या होत्या. त्यातली एक सरांची. दुसरीवर मी. तिसरीवर पन्नाशीच्या एक काकू मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, घेऊन सह्या करत बसल्या होत्या. मला वाटलं, ऑफिसच्या क्लार्क असतील. त्या डोंबिवलीहून आल्या होत्या आणि मुलाच्या सह्या करत होत्या.

"त्याचा क्लास असतो ना शनिवारी," त्यांनी मला आपणहून सांगितलं. "मग महिन्याच्या शेवटी मीच येते. बाकीची मुलं सकाळीच करून गेली."

त्यांच्यासमोर तीन पेनं होती. निळं, काळं आणि एक जेलचं. चार सह्या झाल्या की पेन बदलायचं. मधेच एखादी सही घाईत केल्यासारखी तिरकी काढायची. मी पुढे कित्येक ऑडिट केली, पण इतक्या निष्ठेने केलेलं कागदाचं काम फार थोडं पाहिलं.

काकूंचं झालं तसं सरांनी मस्टर माझ्याकडे सरकवलं. "खरी पाहिजे म्हणतेस ना? मग दाखव हुशारी. पुढच्या आठवड्यात आपल्या ऑफिसची तपासणी आहे. काही चूक दिसते का बघ."

मस्टरमध्ये नऊ नावं होती. नऊ मुलं, आणि बसायला खुर्च्या दोन. पण ते मी बोलले नाही. मी तारखा पाहिल्या. रविवार व्यवस्थित कोरे होते. बारा तारखेला नऊच्या नऊ हजर होते.

"सर, बाराला ऑफिस बंद होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"दारावर लिहिलंय. लग्न होतं."

सरांनी मस्टर ओढून घेतलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांच्या कुलूपबंद ऑफिसात नऊ जण इमानेइतबारे काम करत होते. एखादा माणूस खजील झाला असता. सरांनी ड्रॉवर उघडून व्हाइटनर शोधायला घेतला.

काकू दुखावल्या. "पण सर, तुम्हीच मागे म्हणालात ना, रविवार सोडून एकपण दिवस रिकामा ठेवू नका म्हणून?"

"अहो, पण लग्नाला तुम्ही स्वतः आल्या होतात!"

"हो, पण माझं कुठे मस्टरमध्ये नाव आहे?"

सर माझ्याकडे वळले, आणि चक्क हसले. "शार्प आहेस. घेतलं तुला. सोमवारी फॉर्म भरू. पहिलं काम हेच. नवीन मस्टर आण आणि हे पान बारा तारीख सोडून पुन्हा लिहून काढ. सह्यांना काकू आहेत मदतीला."

"सर, मला ऑडिट शिकायचंय."

"मग हे काय आहे? कागदाला कागद जुळला की झालं ऑडिट. एवढंच असतं गं ते."

मला तेव्हा राग आला तो सरांचा नाही. हो म्हणावंसं वाटलं, त्याचा आला. सोमवारी फॉर्म, मंगळवारपासून मी सीएची आर्टिकल, आणि त्यासाठी फक्त एक पान. मी मस्टर मिटून टेबलावर ठेवलं, "नको सर" म्हटलं आणि निघाले. जिना उतरताना रडायला आलं. घंटाळी मंदिराच्या कोपऱ्यापर्यंत रडले, मग डोळे पुसून रिक्षा केली.

महिना संपला. अटेम्प्ट गेला. बाबा एवढंच म्हणाले, "ठीक आहे, सहा महिने अजून मशीन चालवू." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. दहा दिवसांनी डोंबिवलीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक सर भेटले. त्यांनी गाव विचारलं नाही, लग्न विचारलं नाही. "भिवंडीच्या गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजशील का? धूळ असते," एवढंच विचारलं. तीन वर्षं मी ती धूळ खाल्ली आणि काम शिकले.

आता ठाण्यात माझं स्वतःचं ऑफिस आहे. आर्टिकलशिप शोधणाऱ्या मुलांना मी एकच सांगते. फर्मचं नाव, सरांची डिग्री, एसी वगैरे नंतर बघा. आधी खुर्च्या मोजा.

मागच्या वर्षी नोकरीसाठी एक सीए आला. राहणारा डोंबिवलीचा. बायोडेटावर नौपाड्याच्या त्याच फर्मचं नाव, तीच वर्षं. मी त्याला एक साधं बँकेचं स्टेटमेंट दिलं आणि खातेवहीशी जुळवायला सांगितलं. अर्धा तास तो त्याकडे बघत बसला.

"तिकडे तीन वर्षं होतात ना तुम्ही?" मी विचारलं. "मस्टर कुठे ठेवायचे?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मॅडम, ते आईला माहीत असेल."

मी त्याला घेतलं नाही. त्याची आई आली असती तर विचार केला असता. ती निदान ऑफिसला येत तरी होती.